राह्यलो

मंडळाच्या अंकाची प्रुफं माझ्याकडे असतात,
अकरा वर्षं झाली, सोहारला आले तेव्हापासून.
शुद्धलेखनाचे अठराही नियम मला
नवऱ्याच्या मोबाइल नंबरापेक्षा पक्के पाठ.

या खेपेला श्रावण खंडारेंचा लेख आला.
बंदरात क्रेन चालवतात, गाव मंगरूळपीरकडचं.
आठ फोटो. माल उतरवल्याच्या पावत्यांच्या पाठीवर
बॉलपेनने लिहिलेलं, जुलैतल्या त्या तीन तासांत
जेव्हा उन्हापायी बाहेरचं काम कायद्यानेच बंद असतं
आणि माणसं कंटेनरच्या सावलीत
सावलीबरोबर सरकत झोपतात.

पहिलंच वाक्य:
'मी वर बसून राह्यलो, खाली समुद्र हालून राह्यला,
अन् मले समजूनच नाही राह्यलं
का कोन कोनाले धरून हाय.'

मी तांबडं पेन उघडलं.
मले चं मला. कोन चं कोण. हाय चं आहे.
बसून राह्यलो, काट. बसलो होतो.
हालून राह्यला, काट. हलत होता.
दुसऱ्या पानावर बायको फोनवर रडून राह्यली,
तिला मी 'रडत होती' केलं.
पोरगं दहावीत शिकून राह्यलं,
बोअरचं पानी आटून राह्यलं,
सगळ्यांना नीट काळात बसवलं.
पानं तांबडी झालेली बघून बरं वाटलं,
खोटं कशाला सांगू.

रात्री शुद्ध प्रत मोठ्याने वाचली.
मोठ्याने वाचलं की चुका सापडतात, मीच मुलांना सांगते.
'मी वर बसलो होतो. खाली समुद्र हलत होता.
कोण कोणाला धरून आहे, हे मला समजत नव्हते.'
चूक सापडेना.
क्रेनवर कोणी सापडेना.
एसीचं पाणी बाल्कनीतल्या बादलीत
थेंब थेंब पडत होतं, त्याचाच काय तो आवाज.

मग मोजले.
सत्तेचाळीस राह्यलो-राह्यली-राह्यलं
आठ पानांतून मी उचलून बाहेर ठेवले होते.
चौदा वर्षं हा माणूस इथे नुसता राहतोय,
दोन दोन वर्षांच्या शिक्क्यावर,
आणि त्याच्या एकेका क्रियापदामागे ते राहणं
हेल्मेट हातात घेऊन उभं होतं,
आत येऊ का विचारत.
मी म्हटलं, नियमात नाही.

सकाळी फोन लावला.
'खंडारे, तुमच्या त्या भाषेचं जरा...'
पुढे वाक्य जाईना. कर्ता होता, कर्म होतं,
क्रियापद मेलं कुठे गेलं कोण जाणे.
तेच म्हणाले, 'म्याडम, तुमाले जे बरं वाटते थे करा.
मायं काही नाही.
फक्त बायकोनं वाचलं तं तिले वाटलं पाह्यजे
का मीच बोलून राह्यलो.'

आतून नवऱ्याने विचारलं, कोण गं?
'खंडारे. मी बोलले त्यांना,
खल्लास, तुमचं आहे तसंच ठेवते.'
बोलले नव्हे, म्हणाले.
याच चुकीला शनिवारच्या वर्गात
मी अर्धा गुण कापते.

अंक छापून आला. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जागच्या जागी.
फक्त सहाव्या पानावर, एका ठिकाणी,
पानीचं पाणी केलं होतं मी. राहवलं नाही.
कोणाला सांगितलंही नाही.

कार्यक्रमात खंडारेंनी अंक हातात घेतला,
चष्मा कपाळावर सरकवला,
उभ्या उभ्या पानं उलटत गेले
आणि नेमकं तिथेच बोट ठेवलं.
'हे पानी मायं नोय,' म्हणाले,
आणि हसले,
आणि हातातला चहा मला दिला.